ना घट्ट, ना पातळ

आमच्या कुलदैवताचे दात मोठे आहेत. नरसिंहपूरच्या घरात, देवघराच्या भिंतीवर एक जुनी तसबीर आहे. खांब दुभंगलेला, उंबऱ्यावर बसलेला नरसिंह, मांडीवर आडवा हिरण्यकश्यपू, आणि जबडा असा काही उघडलेला की लहानपणी आरतीच्या वेळी डोळे मिटायचे सोडून मी देवाच्या दाढा मोजत असे. "देवाच्या तोंडात काय बघतोस मेल्या, पायांकडं बघ," असं म्हणत काकू माझी मान खाली दाबायची.

त्याला आता पन्नास वर्षं होतील. काकू ब्याऐंशी वर्षांची आहे. तिची कवळी रात्री स्टीलच्या डबीत, पाण्यात, झाकण लावून झोपते. आणि माझ्या दाढा मोजायला मी पुण्यात एका डॉक्टरांना पैसे देतो.

यंदा दसऱ्याच्या आधी त्यांनी माझ्या खालच्या उजव्या दाढेचं रूट कॅनल केलं. आतली नस काढली, पोकळी भरली, वर एक तात्पुरती कॅप बसवली आणि म्हणाले, "दिवाळी झाली की या. पक्की कॅप तयार असेल. तोवर त्या बाजूनं कडक नको, चिकट नको." एवढं एकच वाक्य. ते ऐकून एखादा शहाणा माणूस घरी गेला असता आणि डाव्या बाजूनं जेवला असता. पण मी बँकेतून निवृत्त होऊन दीड वर्ष झालेला माणूस. मला परिपत्रक काढल्याशिवाय कुठली गोष्ट खरी वाटत नाही.

त्यामुळे वसुबारसेला सकाळी सहा वाजता आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'सणासुदीत दातांची काळजी' या मथळ्याचं चौदा कलमी टिपण पडलं. सदतीस माणसं आहेत त्या ग्रुपवर. दोघांनी अंगठा दाखवला. त्यातला एक माझ्या बायकोचा होता, आणि तो चुकून दाबला गेला असं तिनं नंतर सांगितलं.

टिपण वाईट नव्हतं हो. दाताचं वरचं कवच म्हणजे माणसाच्या शरीरातली सर्वांत कठीण वस्तू, पण त्यात जिवंत पेशी नसल्यामुळे एकदा झिजलं की परत येत नाही, हे मी पहिल्याच कलमात ठणकावलं होतं. गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं याचा हिशेब दात ठेवतात, हे दुसरं. म्हणजे जेवणात दोन लाडू खाल्ले तर चालतील, पण सकाळपासून येता-जाता डब्यात हात घालून एकच लाडू आठ वेळा चिमटत खाल्ला तर तो आठ लाडवांचं काम करतो. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल करतात. पीएच साडेपाचाच्या खाली घसरला की कवचातलं कॅल्शियम सुटायला लागतं. लाळ बिचारी अर्ध्या-पाऊण तासात सगळं सावरते, पण तेवढ्यात आपण पुन्हा शंकरपाळ्याची मूठ भरलेली असते. आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नका, अर्धा तास थांबा. नाहीतर मऊ पडलेलं कवच तुम्ही स्वतःच्या हातानं घासून काढाल. चौदाव्या कलमात फटाक्याची वात, सुतळी, बाटलीचं झाकण आणि औषधाची पट्टी दातानं तोडणाऱ्यांचा निषेध होता.

तिसरं कलम मुद्दाम मागे ठेवलं आहे. ते असं होतं : 'चिकट मिठाई कटाक्षानं टाळावी.'

हा सगळा उपदेश मी कुठल्या तालुक्यात नेऊन ओतत होतो याचा विचार करायला हवा होता. इंदापूर तालुक्यात तीन सहकारी साखर कारखाने : बिजवडीला कर्मयोगी, शहाजीनगरला नीरा-भीमा, भवानीनगरला छत्रपती. दिवाळीच्या सुमाराला गाळपाचे दिवस येतात. इंदापूर सोडून बावड्याच्या रस्त्याला लागलं की पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे उसाची बैलगाडी आणि दोन्ही बाजूंना ऊस. या मुलखात साखरेविरुद्ध बोलणं म्हणजे पंढरपुरात बुक्क्याविरुद्ध बोलण्यासारखं आहे. माझा धाकटा चुलतभाऊ स्वतः सात एकर ऊस लावतो. माझं टिपण वाचून त्यानं एवढंच विचारलं, "दादा, तू येतोयस का कारखाने बंद करायला येतोयस?"

आलो. बायको, मुलगी, जावई आणि सहा वर्षांचा नातू. पुणे जिल्ह्याच्या या आग्नेय टोकाला नीरा येऊन भीमेला मिळते. घाटावर उभं राहिलं की आपण पुणे जिल्ह्यात, आणि समोर कुठंही बघा, सोलापूर जिल्हा; भीमेपलीकडे माढा, नीरेपलीकडे माळशिरस. विंचूरकर सरदारांनी बांधलेलं दगडी देऊळ, आत प्रल्हादानं वाळूची केली असं मानतात ती नरसिंहाची मूर्ती. दर्शन घेऊन पायऱ्या उतरताना मी नातवाला गोष्ट सांगितली. हिरण्यकश्यपूनं वर मागितला : माणसाकडून मरण नको, जनावराकडून नको. दिवसा नको, रात्री नको. घरात नको, बाहेर नको. जमिनीवर नको, आकाशात नको. शस्त्रानं नको.

"मग?" नातू म्हणाला.

"मग काय, जे त्याच्या यादीत नव्हतं, तेच खांबातून बाहेर आलं."

"त्यानं यादी नीट करायला पाहिजे होती," नातू म्हणाला. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. हुशार आहे पोरगा, माझ्यावर गेलाय, असं मला वाटलं.

घरी फराळाची ताटं मांडलेली होती. आता कडक लाडवाची गोष्ट येणार असं वाटून वाचक सरसावून बसला असेल, तर त्यानं मागं टेकावं. चुलतभावाच्या सूनबाईंचे रव्याचे लाडू पाक पुढे गेल्यामुळे थोडे दणकट झाले होते, हे खरं. पण मी सावध होतो. मी लाडू दुधात घातला, वाटी झाकली आणि दहा मिनिटं घड्याळ लावलं. चकली खलबत्त्यात कुटून तिचं पीठ केलं आणि चमच्यानं खाल्लं. कडबोळ्याला हात लावला नाही. चिवड्यातले शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप वेचून ताटाच्या कडेला रांगेनं लावले. सगळं घर माझ्याकडे असं बघत होतं की जणू मी ताटात शस्त्रक्रिया करतोय. काकू समोर बसली होती. तिनं अख्खी चकली उचलली, कवळीखाली घातली आणि कडाड आवाज करत, माझ्या डोळ्यांत डोळे घालून खाल्ली.

एवढ्यावर गप्प बसावं की नाही? मी व्हिपेहोल्म काढलं.

स्वीडनमध्ये लुंड गावाजवळ व्हिपेहोल्म नावाची मतिमंदांची संस्था होती. १९४० च्या दशकात तिथल्या माणसांवर दातांचा एक मोठा प्रयोग झाला. काहींना जेवणात साखर दिली, काहींना गोड पाव, आणि काहींना जेवणांच्या मधल्या वेळात दाताला चिकटून बसणारी टॉफी, दिवसाला चोवीसपर्यंत. जेवणाबरोबर साखर खाणाऱ्यांचे दात फारसे बिघडले नाहीत. मधल्या वेळी चिकट टॉफी चघळणाऱ्यांच्या दातांची मात्र चाळण झाली. साखर किती यापेक्षा ती किती वेळा आणि किती चिकट, हे तिथून जगाला कळलं. पुढं त्या देशात मुलांना आठवड्यातून एकदाच, शनिवारी, खाऊ द्यायची रीत पडली. "बघा," मी म्हणालो, "त्यांचा खाऊचा वार शनिवार. आपला उपासाचा." या विनोदावर मीच हसलो.

काकूनं घास गिळला. "त्या माणसांना विचारलं होतं का रे, की बाबांनो, तुमचे दात किडवतो म्हणून?"

"नाही... त्या वेळी तसं..."

"मग किडल्यावर त्यांना दात कुणी बसवून दिले?"

हे मला ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी व्हिपेहोल्म तिथंच संपलं आणि काकूनं दुसरी चकली घेतली.

पाडव्यापर्यंत माझी कॅप शाबूत होती. रोज रात्री मी घरातल्यांना ओळीनं उभं करून दोन मिनिटं ब्रश करायला लावत होतो; जावईसुद्धा त्या ओळीत उभे राहायचे. भाऊबीजेला संध्याकाळी चुलतभाऊ म्हणाला, "चला, पोराला गुऱ्हाळ दाखवू." ओढ्याच्या अंगाला त्याच्या ओळखीच्याचं गुऱ्हाळ आहे. पाडव्याला बंद ठेवलेलं, आज पुन्हा पेटवलेलं.

गुऱ्हाळाचा वास दोन शेतं आधीपासून येतो. तो वास नाकात गेला की माणूस छप्पन्नाचा राहत नाही. पत्र्याची शेड, एका बाजूला घाणा, त्यातून पिवळसर-हिरवा रस पिंपात पडतोय. चिपाडांचा डोंगर रचलेला, आणि त्यातलीच वाळलेली चिपाडं एक पोरगा चुलवाणाच्या तोंडात सारतोय. चुलवाणावर काहिल, चारपाच माणसं आत बसतील एवढी, आणि तिच्यात रस रटरटतोय. भेंडीच्या झाडाचा चिकट रस टाकून मळी वर आणायची, ती झाऱ्यानं काढत राहायची, आणि मग एका क्षणी पाक उतरवायचा. तो क्षण ओळखणारा माणूस म्हणजे गुळव्या. हा गुळव्या सत्तरीचा, डोक्याला मुंडासं, अंगात बनियन. त्यानं उकळत्या काहिलीतून झाऱ्यावर थोडा पाक घेतला, शेजारच्या गार पाण्याच्या घमेल्यात सोडला, बोटांनी गोळी वळली आणि घमेल्याच्या कडेवर आपटली. टण्. "उतरवा," तो म्हणाला. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. मी बँकेत इतकी वर्षं कर्ज मंजूर केली, पण कर्ज पिकलंय की अजून कच्चं आहे हे मला असं एका टणत्कारात कधी कळलं नाही.

काहिल कलती केली. पाक वाफ्यात ओतला गेला, तांबूस, संथ, वर वाफ. दोघे जण लाकडी फावडी घेऊन तो घोळवायला लागले. आणि गुळव्यानं घमेल्यातल्या गार पाण्यात अजून थोडा पाक सोडला, उसाच्या कांडीला त्याचा गोळा गुंडाळला आणि नातवाच्या हातात दिला. दुसरी कांडी माझ्यापुढं धरली. "घ्या पावनं. सणाचं तोंड गोड करा."

इथं वाचकांनी माझी मनःस्थिती समजून घ्यावी. मी लगेच भुललो नाही. मी मनातल्या मनात चौदा कलमं वरपासून खालपर्यंत वाचली. कडक आहे का? नाही, बोटानं दाबला तर दबतोय. मिठाई आहे का? मुळीच नाही. मिठाई दुकानात मिळते, चांदीच्या वर्खासकट. हा तर शेतातला माल, ज्यात लोह असतं असं आई सांगायची. गूळ म्हणजे काय साखर आहे? (आहे. गुळातही बहुतेक साखरच असते, आणि जंतूंना रंगावरून फरक कळत नाही. माझ्याच टिपणाच्या सहाव्या कलमात हे होतं. पण सहावं कलम त्या क्षणी मला वाचता आलं नाही.) शिवाय मी डाव्या बाजूनं खाणार होतो.

सूर्य टेकला होता. दिवस नव्हता आणि रात्रही नव्हती. पाहुणा म्हणून मला शेडच्या कडेला उभं केलं होतं, अर्धा आत, अर्धा बाहेर. पायाखाली जमीनही नव्हती, चिपाडांची गादी होती. आणि कांडीवरचा तो गोळा, ना घट्ट, ना पातळ.

मी तो डाव्या दाढांखाली घेतला.

असल्या गुळाला डावं-उजवं कळत नाही. दोनदा चावल्यावर तो जिभेवरून पलीकडे सरकला आणि तिसऱ्या चावण्याला माझे वरचे आणि खालचे दात एक झाले. तोंड उघडेना. दातखिळी बसणं हा वाक्प्रचार मी शाळेत वाक्यात वापरला होता. आता त्यानं मला वापरलं. चुलतभाऊ विचारत होता, "दादा, कसा आहे?" आणि मी मान हलवत "म्म्म" म्हणत होतो, जे त्याला दाद वाटली. त्यानं गुळव्याला सांगितलं, "बघा, पुण्याचा माणूस आहे, पण बोलती बंद झाली." सगळे हसले. मी वाफ्यावर वाकलो होतो. दोन बोटं तोंडात घातली, गोळा चिमटीत धरला आणि जोर लावून हिसडा दिला.

तोंड उघडलं. गोळा हातात आला. आणि उजव्या बाजूला खाली, जिथं कित्येक दिवस वारा लागला नव्हता, तिथं गार वारा लागला.

दुखलं अजिबात नाही. नस काढलेली दाढ दुखत नाही, आणि हीच त्या प्रसंगातली सर्वांत मोठी गैरसोय. माणूस विव्हळला तर लोक धावून येतात. मी फक्त जीभ फिरवली; खाली एक खुंट लागला, पिठाच्या गिरणीच्या जात्यासारखा. कॅप नव्हती. हातातला गोळा मी उलटसुलट पाहिला. अंधार पडत चाललेला, गूळ पिवळट तांबूस, कॅपही पिवळट. डॉक्टरांनी माझ्या इतर दातांच्या रंगाशी जुळवून बसवली होती, आणि माझ्या दातांचा रंग तीस वर्षांच्या बँकेतल्या चहानं ठरवलेला. काही दिसेना. गोळा रुमालात बांधून सदऱ्याच्या खिशात टाकला. गिळली असेन का? घशाला काही लागलं नव्हतं. मग मी खाली पाहिलं. खाली वाफा होता. त्यात दोन फावडी सपसप फिरत होती आणि गूळ हळूहळू घट्ट होत होता.

पुढची चार मिनिटं माझ्या आयुष्यातली नैतिकदृष्ट्या सर्वांत खडतर. गप्प बसावं, तर कुणाच्या तरी पुरणपोळीत माझी कॅप निघणार. कुणाच्या? कदाचित एखाद्या मंगळागौरीला, नैवेद्याच्या ताटात. बोलावं, तर चौदा कलमांचं काय?

"थांबवा," मी म्हणालो.

"काय झालं?"

"दात पडला माझा. ह्यात."

फावडी थांबली. चुलवाणात चिपाडं सारणारा पोरगा बाहेर आला. घाण्यावरचा माणूस घाणा बंद करून आला. नातू ओरडला, "आजोबांचा दात गुळात पडला!" आणि हे ओरडताना त्याच्या तोंडाला जो गूळ लागला होता, तो मी अजून विसरलेलो नाही. चुलतभावानं मोबाइलचा उजेड वाफ्यावर पाडला. सहा माणसं वाकून पाहायला लागली. वाफ्यात तांबूस गूळ, वर फावड्यांचे वळसे. शास्त्रशुद्ध सांगायचं तर मी म्हणालो, "दात नाही, कॅप. तात्पुरती."

"तात्पुरती म्हंजी?" गुळव्यानं विचारलं.

"म्हणजे दिवाळीनंतर काढायचीच होती."

"मग आत्ताच निघाली. चांगलंच झालं की." तो वाफ्याकडे पाहत राहिला. मग मुंडासं सोडून पुन्हा बांधलं. "पर ह्यो माल आता मी बाजारात न्यायचा न्हाई. माणसाचा दात असलेला गूळ इकला तर उद्या कुणी माझ्या गुळाला हात लावंल का?"

त्याचा आवाज चढलेला नव्हता. त्यामुळे तर मी जास्तच खचलो. मला एवढंच सुचलं की मी सगळा घेतो.

सगळा म्हणजे किती, हे मला साचे भरायला लागल्यावर कळलं. एकेक ढेप दहा किलोची, आणि ढेपा बारा. एकशे वीस किलो. भाऊबीजेला बहिणीच्या ओवाळणीसाठी काढलेले पैसे, चुलतभावाच्या खिशातले पैसे आणि जावयांच्या मोबाइलवरचे पैसे असे तीन ठिकाणचे जमवून सहा हजार रुपये मोजले. गुळव्यानं ढेपांच्या वर ऊस ठेवले चार, सणाचे म्हणून, पैसे न घेता. आमची गाडी मागून अशी बसली की तिचे दिवे बावड्याच्या बाजूचं आकाश दाखवायला लागले.

घरी ओसरीवर ढेपा रचल्या. बाहेर पणत्या, आत ढेपा. काकूला बातमी आधीच पोचली होती. नरसिंहपुरात बातमीला मोबाइल लागत नाही. पुतणीनं, जी कॉलेजात शिकते आणि जिच्यासमोर मी चार दिवस सर्वांत जास्त बोललो होतो, तिनं ग्रुपवर माझंच टिपण पुन्हा पाठवलं, तिसऱ्या कलमाभोवती लाल वर्तुळ काढून. या वेळी एकतीस अंगठे.

मग शोध सुरू झाला. डॉक्टरांना फोन लावला, तर दवाखाना सोमवारपर्यंत बंद असल्याचं ध्वनिमुद्रित आवाजानं सांगितलं आणि दीपावलीच्या शुभेच्छा दिल्या. नदीपलीकडे अकलूजला जाऊन दुसरी बसवून आणावी असं बायको म्हणाली. पण माझ्या डोक्यात एकच : दाढ उघडी राहिली तर शेजारच्या दाढा रिकाम्या जागेकडे सरकतात आणि मग पक्की कॅप बसत नाही, हे मला वाचून माहीत होतं. (सरकतात हे खरं, पण चार दिवसांत त्या काही कारखान्याच्या चेअरमनच्या खुर्चीकडे धावावं तशा धावत नाहीत.) मी ठरवलं की माझी कॅप मीच शोधणार.

पहिली ढेप बत्त्यानं फोडली. दुसरी विळीवर. तिसरी फोडताना बत्त्याची मूठ निघाली. ओसरीवर गुळाचा चुरा, चुऱ्यावर मुंग्या, मुंग्यांवर बॅटरीचा उजेड पाडून बसलेला मी. जावई एक खडा दाखवायचे, "हे?" तो घट्ट झालेला साखरेचा कण. नातू मिनिटामिनिटाला काहीतरी आणून दाखवायचा आणि मी "नाही" म्हटलं की ते तोंडात टाकायचा. आळीतली चारपाच पोरं आली. मी शोधणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं, आणि बक्षीस म्हणून काय द्यायचं असा प्रश्न आल्यावर सूनबाई म्हणाल्या, "गूळ द्या." पोरं ढेपा फोडत होती, शोधत होती, आणि शोधता शोधता, रात्री दहापर्यंत, दर दोन मिनिटांनी एक खडा तोंडात टाकत होती. थोडं थोडं, वारंवार, चिकट. व्हिपेहोल्मला पैसे दुसऱ्यांनी दिले होते. इथं माझे गेले. रात्री दहा वाजता मी त्यांना ब्रश करून झोपा असं सांगितलं, तेव्हा ती पोरं ज्या प्रकारे दात काढून हसली, त्याचं वर्णन मी करणार नाही.

काकू झोपायच्या आधी बाहेर आली. फोडलेल्या ढेपांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पदराआडून तिची स्टीलची डबी काढली आणि माझ्यापुढं धरली.

"ही घे हवी तर आजच्या रात्रीपुरती."

सकाळी साडेनवाला, पाचव्या ढेपेवर मी काम करत असताना, मागच्या अंगणातून वहिनींची हाक आली. धुण्याचं पाणी तापवून त्यांनी माझा सदरा भिजवला होता. खिशात रुमाल होता, रुमालात गोळा होता, आणि गरम पाण्यात गोळा विरघळला होता. बादलीच्या तळाशी, फेसाच्या खाली, चहाच्या रंगाची एक इवलीशी वस्तू पडलेली होती.

बारा ढेपांत काहीच नव्हतं. कधीच नव्हतं. कॅप पहिल्या क्षणापासून माझ्याच खिशात होती.

मी ती धुतली, कापसात ठेवली, औषधाच्या रिकाम्या डबीत घातली आणि देवघरात तसबिरीखाली ठेवली. का ते सांगता येणार नाही. तसबिरीकडे बघायचं टाळलं. त्या जबड्याचा आकार त्या दिवशी मला हसण्याचा वाटत होता. चुलतभाऊ गुऱ्हाळावर जाऊन माल निर्दोष असल्याचं सांगून आला. गुळव्या म्हणाला, "मग पैसं परत देऊ का?" हे विचारणं त्याचा मोठेपणा; पण तोपर्यंत पाच ढेपांचा भुगा झालेला होता आणि उरलेल्या सात ढेपा परत न्यायची मला लाज वाटली.

सोमवारी पुण्यात दवाखान्यात गेलो. सोबत डबी. खुर्चीत आडवं होण्याआधी मी ती दोन्ही हातांनी डॉक्टरांपुढं धरली आणि सुरुवातीपासून सांगायला लागलो : नीरा, भीमा, गुऱ्हाळ. मी वाफ्यापर्यंत पोचलो तेव्हा त्यांनी डबी उघडली, चिमट्यानं कॅप उचलली, दिव्यासमोर धरली आणि शेजारच्या डब्यात टाकून दिली.

"अहो..."

"ही काढूनच टाकायची होती. प्लॅस्टिकची असते. पक्की तयार आहे तुमची. आ करा."

मी आ केला. वरचा दिवा डोळ्यांत आला. ते बराच वेळ वाकून बघत होते. वरच्या दाढा मोजत असावेत. मग हातमोजे चढवता चढवता म्हणाले, "इंदापूरकडचे ना तुम्ही? तिकडं गूळ चांगला मिळतो म्हणे. आमच्या हिला संक्रांतीला लागतो, अस्सल कुठं सापडत नाही."

तोंडात आरसा होता, त्यामुळे मी बोटांनीच विचारलं, किती ढेपा.